नेर्लगीचा शेवटचा नंबर

नेर्लगी देशातलं सर्वांत दुःखी शहर ठरली, त्या पहिल्या वर्षी गाव पोट धरून हसलं होतं. टपरीवर चहा पिताना लोक एकमेकांना विचारायचे, "काय दुःखी माणसा, जेवलास का?" आणि पुन्हा खिदळायचे. दुसऱ्या वर्षीही नंबर शेवटचाच आला. तोवर मुलांना चांगल्या ठिकाणची स्थळं नकार कळवायला लागली होती; दुःखी गावात लेक कोण देणार? तिसऱ्या वर्षी मात्र कुणी हसलं नाही. सरकार नवं कापड संकुल नेर्लगीत उभारणार होतं, ते दुसरीकडं न्यायचं घाटत होतं, कारण दुःखी शहरात कामगार टिकत नाहीत असं कुठल्याशा अहवालात म्हटलं होतं. बरीच धावाधाव झाल्यावर गावाला एक शेवटची संधी मिळाली. पुढच्या मोजणीत शेवटचा नंबर सुटला तर संकुल इथं, नाहीतर राम राम. गावातले जुने माग शेवटच्या घटका मोजत होते. संकुल गेलं तर पोरांनी गाव सोडायचं, हे सगळ्यांना कळत होतं.

उज्ज्वला हावळला संकुलाचं महत्त्व कळत नव्हतं असं नाही. पण तिच्या जिवाला घोर होता तो नवऱ्याचा.

महालिंग हावळ हा नेर्लगीतला नावाजलेला जॉबर. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. सगळं आयुष्य त्यानं मागांच्या खडखडाटात काढलं, आणि त्या खडखडाटानं त्याचे कान खाऊन टाकले. मग साखरेनं डोळ्यांवर हात टाकला. पूर्वी तो समोरच्याचे ओठ वाचायचा. आता समोर माणूस आहे एवढंच दिसायचं, ओठ दिसायचे नाहीत. कानातलं यंत्र लावून पाहिलं, पण आतल्या पेशीच मेलेल्या, यंत्र तरी काय करणार? कानाच्या शस्त्रक्रियेला डॉक्टरांनी नकार दिला, हृदय झेपणार नाही म्हणाले. तेव्हा महालिंगला जगाशी बांधून ठेवणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे बायकोचा आवाज.

आणि आवाज तरी कसला म्हणता! लग्नाआधी उज्ज्वला त्याच कारखान्यात कोपऱ्यातले माग चालवायची. चाळीस माग एकदम धडधडत असताना साधी हाक दोन हातांवर विरून जाते, म्हणून तिथल्या बायकांनी आपापल्या हाका बनवून घेतल्या होत्या. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की उज्ज्वला मान वर करून ओरडायची, "तूऽऽऽटलं!" त्यातला 'तू' ती एवढा लांबवायची की महालिंग कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला मागाखाली उताणा पडलेला असला तरी पाना घेऊन धावत यायचा. बाकीच्या बायका म्हणायच्या, आमचे धागे तुटले की ह्यो दिवसभर येत न्हाई, हिचा तुटायच्या आधीच येतोय. लग्नात अंतरपाट धरलेला असताना मांडवातून कुण्या वात्रट माणसानं "तूऽऽऽटलं" अशी आरोळी ठोकली, आणि नवरदेव गर्रकन मागं वळला. भटजींना मंगलाष्टक थांबवावं लागलं. ही गोष्ट नेर्लगीत अजून सांगतात.

तर असं हे शहर. इथं माणूस "बस की, चा घे" हेसुद्धा भांडल्यासारखं म्हणतो. कानाशी कुजबुजून प्रेम करणं इथं कुणाला जमलेलं नाही, कारण कुजबुज ऐकू येणारे कान इथं कमीच. आणि अशा शहरात देशभरातल्या शहरांचं सुख-दुःख मोजणारा 'कानोसा' आला.

कानोसा म्हणजे रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला लावलेली वाटीएवढी डबी. ती माणसांचे शब्द ऐकत नाही, नुसता आवाजाचा पोत तपासते, आणि तो कुठल्या घरातून आला एवढं टिपते. माणूस ताणात असला की गळ्यातले स्नायू आवळतात, स्वर चढतो, त्यात बारीक थरथर येते, शब्दांचे स्वर ओढले जातात. हे खरंच आहे. कानोसा बनवणाऱ्यांनी हजारो माणसांचे आवाज घेतले, त्याच वेळी त्यांच्या लाळेतलं ताणाचं रसायन मोजलं, आणि दोन्हींची सांगड यंत्राला शिकवली. काम चोख होतं. फक्त ती हजारो माणसं शांत सोसायट्यांतली, काचेच्या खिडक्यांच्या कचेऱ्यांतली होती. गोंगाटात बोलणाऱ्या माणसाचा स्वरही असाच चढतो, गळा असाच आवळतो, स्वर असेच ओढले जातात, आणि जन्मभर गोंगाटात राहिलेल्या माणसाला ती सवयच जडते. राग, भीती आणि मागाचा खडखडाट, तिघांची गळ्यावरची खूण जवळजवळ सारखी. कानोशानं नेर्लगी ऐकली आणि त्याला वाटलं, हे अख्खं शहर आक्रोश करतंय.

उज्ज्वलाची मुलगी तेजल पुण्यात ध्वनिशास्त्र शिकवायची. तिनं ही चूक ओळखली आणि मोजणी केंद्राला सविस्तर कळवलीही. उत्तर सभ्य भाषेत आलं. तुमचा मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे, पण आता मोजपट्टी बदलली तर मागच्या वर्षांशी तुलना करता येणार नाही, म्हणून पुढच्या सुधारित आवृत्तीत बघू. ती आवृत्ती कधी येणार, याबद्दल त्यात काही नव्हतं.

खरं तर नेर्लगीकरांचा स्वभाव असा की कापडात दोष आला तर आधी माग खोलायचा. या वेळी मात्र त्यांनी कापडालाच दटावलं. गावात आवाज समिती स्थापन झाली. अध्यक्ष चौगुले सर, निवृत्त मुख्याध्यापक, शब्दाला किंमत असलेला माणूस. समितीनं ठरवलं, वर्षभर कुणी ओरडायचं नाही. रस्त्यात, ओट्यावर, खिडकीपाशी, सगळीकडं हळू बोलायचं. भाजीवाल्यांनी आरोळ्या बंद केल्या. मयतीला बायका पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या. प्रत्येक खांबावर त्या गल्लीचा दिवा होता, हिरवा म्हणजे समाधानी, तांबडा म्हणजे दुःखी, आणि येता-जाता माणसं आधी त्या दिव्याकडं बघायची.

हावळांची गल्ली तांबडीच राहिली. कारण उघड होतं. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. महालिंग ओट्यावर बसून "उज्जू, पाणी दे गं" म्हणाला तरी ते तीन घरं पलीकडं ऐकू जायचं. आणि उज्ज्वला आतून ओरडून विचारायची, "गार का माठातलं?" की झालं, दिवा लालबुंद.

एक दिवस चौगुले सर घरी आले. चहा घेतला, गुडघेदुखीची चौकशी केली, आणि मग खाली मान घालून, इतक्या हळू आवाजात की उज्ज्वलाला पुढं वाकावं लागलं, म्हणाले, "उज्ज्वलाताई, तुमच्या एका घरापायी गल्ली तांबडी राहतेय. मी तुम्हाला सांगावं असं नाही. पण पोरांचा विचार करा." त्यांचा स्वतःचा मुलगा संकुलातल्या नोकरीची वाट बघत घरी बसला होता. ते बोलताना त्यांना लाज वाटत होती, हे उज्ज्वलाला दिसलं. लाज वाटत असूनही बोलणाऱ्या माणसाला नाही म्हणणं अवघड असतं. ती हो म्हणून बसली.

आता हे महालिंगला सांगायचं कसं? सांगायचं तर ओरडावं लागणार. लिहून दाखवावं तर डोळे साथ देत नाहीत. संध्याकाळी तो ओट्यावर बसून नेहमीसारखा शेजारच्या पोरीला मोठ्यानं हाक मारायला लागला, तेव्हा उज्ज्वला गेली आणि तिनं आपला तळहात त्याच्या तोंडावर ठेवला.

तो दचकला. "काय झालं?" म्हणाला, तळहाताखालून. तिनं हात काढला नाही. त्यानं तिच्या चेहऱ्याकडं बघितलं, त्याला काय दिसलं असेल देवालाच ठाऊक. थोड्या वेळानं त्यानं मान डोलावली.

पुढं बरेच दिवस तो विसरायचा, आणि प्रत्येक वेळी ती तळहात ठेवायची. मग तो विसरेनासा झाला. मग बोलेनासा झाला. उज्ज्वला आपली त्याच्या कानाशी तोंड नेऊन हळू आवाजात सांगत राहायची, जेवा, औषध घ्या, तेजलचा फोन आला होता. तो नुसता तिच्या श्वासाची ऊब गालावर घेऊन बसायचा.

तेजलनं फोनवर त्यातलं इंगित सांगितलं. मागाचा आवाज कानातले उंच स्वर आधी मारतो, खालचे स्वर बरीच वर्षं तगतात. म्हणून बाबांना 'ऊ', 'ओ' असले लांब, भरदार आवाज अजून थोडे पोचतात. कुजबुजीत गळ्याचा नाद मुळी नसतोच, असतो तो नुसता हवेचा फुसफुसाट, सगळा उंच पट्टीतला. "आई, तू कानाशी कितीही कुजबुजलीस ना, तरी बाबांसाठी तिथं काहीच नसतं," ती म्हणाली. मग म्हणाली, बाबांना पुण्याला घेऊन ये. उज्ज्वलानं तेही करून पाहिलं होतं, पिशवी भरून त्याचा हात धरला होता; महालिंग दाराची चौकट धरून उभा राहिला होता आणि हललाच नव्हता. तिथल्या बंद खोल्यांत त्याला काहीच कळलं नसतं. इथं निदान भिंतीला हात लावला की शेजारच्या कारखान्याचे माग चालू असल्याचं हाताला कळायचं. दुपारभर तो तेच करायचा. भिंतीला तळवा टेकून बसायचा.

गल्लीचा दिवा हिरवा झाला. एवढंच नाही, हावळांचं घर वॉर्डात सर्वांत समाधानी ठरलं. समितीनं घरी येऊन शाल-नारळ दिला. महालिंगच्या खांद्यावर शाल घातली, लोकांनी आवाज न करता टाळ्या वाजवल्यासारखं केलं. तो खुर्चीत बसून उज्ज्वलाच्या दिशेला तोंड करून होता. हे काय चाललंय, एवढंच त्याला विचारायचं होतं, आणि त्यानं ते विचारलं नाही. तिला त्या क्षणी सगळ्यांना घराबाहेर हाकलावंसं वाटलं. तिनं पेढे वाटले.

त्या रात्री तिनं तेजलला विचारलं, यंत्राला आमचं घर सुखी कसं काय दिसतं गं? तेजल म्हणाली, "यंत्र गप्प घराला दुःखी म्हणूच शकत नाही, आई. मोजायला आवाज लागतो." उज्ज्वलानं फोन ठेवला आणि नवऱ्याच्या ताटाकडं बघितलं. अर्धी भाकरी तशीच होती. काल पाऊण होती.

तिला भीती वाटायला लागली. हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत विझत चाललाय आणि आपणच फुंकर घालतोय, हे तिला स्वच्छ कळत होतं. रोज ती ठरवायची, आज ओरडून बोलायचं, होऊ दे तांबडा दिवा. आणि रोज खिडकीतून समोरच्या घरातली पोरं दिसायची, चौगुले सरांचा मुलगा सायकल ढकलत जाताना दिसायचा, आणि ती पुन्हा त्याच्या कानाशी वाकायची. मोजणी संपली की बोलू, ती स्वतःला समजावायची. थोडेच दिवस राहिलेत. तोवर दम धरा हो, ती त्याच्या कानात सांगायची, आणि त्याला तेही ऐकू जात नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात समितीनं आणखी एक निर्णय घेतला. नेर्लगी खालून दुसरी होती, अगदी काठावर. आवाज आणखी खाली आणायचा तर मागच बंद ठेवायचे, म्हणजे माणसांना आवाज चढवायची गरजच पडणार नाही. मालक तयार झाले. सोमवारी सकाळी नेर्लगीतला शेवटचा धोटा थांबला. जन्मात कधी ऐकली नव्हती अशी शांतता गावावर पसरली, आणि लोक एकमेकांकडं बघून घाबरल्यासारखे हसले.

उज्ज्वला बाजारातून परत आली तेव्हा महालिंग घरात नव्हता. त्याच्या बसायच्या जागी भिंतीवर तळव्याचा तेलकट डाग होता. तिनं तिथं आपला हात लावला. भिंत मेल्यासारखी गार होती. मग तिच्या लक्षात आलं की आज सकाळपासून त्याच्या हाताला काहीच लागलं नसणार. शेवटचं जे उरलं होतं तेही गेलं होतं, आणि त्याला ते का गेलं हे सांगणारं कुणी नव्हतं.

ती रस्त्यावर आली. समोरच्या घरातली सुनंदा दारातच होती, ती काहीतरी म्हणाली. उज्ज्वलाला ऐकू आलं नाही. "काय?" तिनं विचारलं. सुनंदानं पुन्हा ओठ हलवले. उज्ज्वलाचेही कान मागावरचेच होते, कितीसे चांगले असणार? ती पार तिच्या तोंडाशी गेली तेव्हा कळलं, काका भिंत चाचपत खणीकडं गेले. सुनंदाला वाटलं होतं, फिरायला चाललेत. थांबवायला हाक मारावी, असं मनात आलं होतं, पण हाक कशी मारणार?

गावाबाहेर दगडाची जुनी खण आहे, पाण्यानं भरलेली. गणपती तिथंच बुडवतात. एरवी तिकडं कुणी जात नाही. उज्ज्वला निघाली. गुडघे पळू देत नव्हते, चप्पल तुटली, ती तिथंच टाकली. वाटेत भेटलेल्या दोघातिघांना तिनं हातानं खूण केली, तीही माणसं हातानंच विचारत राहिली, काय झालं. सगळ्या गावानं तोंडाला कुलूप लावलं होतं आणि तिला ओरडून रडावंसं वाटत होतं.

वळणावर खणीचा काठ दिसला. महालिंग कडेला उभा होता, तिच्याकडं पाठ करून. पायातल्या चपला काढून त्यानं शेजारी नीट जुळवून ठेवल्या होत्या. पाय पुढं सरकवून तो जमीन कुठं संपते ते चाचपत होता.

मधे एवढं अंतर होतं की पळून गाठणं तिच्या गुडघ्यांना शक्य नव्हतं. तिनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. इतके महिने दाबून धरलेला गळा, त्यातून नुसती हवा आली, तीच कुजबुज. तिनं पुन्हा प्रयत्न केला. "अवो," ती म्हणाली, आणि ते तिलाही ऐकू आलं नाही. समोर खांब होता, त्यावर डबी होती, दिवा हिरवा होता.

महालिंगचा एक पाय पुढं सरकला.

मग तिनं काही ठरवलं वगैरे नाही. मान आपोआप वर गेली, तरुणपणी जायची तशी, आणि तिच्या तोंडून बाहेर पडलं,

"तूऽऽऽऽऽटलं!"

माग बंद असलेल्या त्या गावावरून ती हाक नदीपर्यंत गेली असेल. महालिंग गर्रकन वळला. अंतरपाटाआडून वळला होता तसाच. त्याचा उजवा हात कमरेपाशी गेला, तिथं पूर्वी पाना असायचा. आणि कित्येक महिने न बोललेला तो माणूस फाटक्या आवाजात ओरडला,

"कुठलाऽऽ?"

"कोपऱ्यातलाऽऽ! लवकर यावाऽऽ!"

तो निघाला. आवाजाच्या रोखानं, ठेचकाळत, हात पुढं करून, माग दुरुस्त करायला निघाला. ती हाका मारत राहिली आणि तो येत राहिला. हाताशी आल्यावर तिनं त्याची कॉलर धरली, छातीवर बुक्क्या मारल्या, आणि वर्षभराचं सगळं बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं. माग का थांबलेत, आपण तोंडावर हात का ठेवला, ते शाल-नारळाचं काय होतं, आणि मला एकटीला टाकून कुठं निघाला होता. त्याला त्यातलं किती पोचलं कुणास ठाऊक. तो रडत होता आणि "मला वाटलं तू माझ्यावर रागावलीस" असं मोठमोठ्यानं म्हणत होता.

हाक ऐकून गावातनं माणसं आली. चपलांची ती जोडी बघून सगळ्यांना सगळं कळलं. सुनंदानं हंबरडा फोडला. तिच्यामागं आणखी कुणी, मग आणखी कुणी. वर्षभरात ज्यांनी आपली माणसं मुक्यानं पोचवली होती, ती बायामाणसं खणीच्या काठावर उभी राहून रडली. खांबावरचा दिवा केव्हाच तांबडा झाला होता. मग गल्लोगल्लीचे दिवे एकेक करून तांबडे होत गेले.

चौगुले सर धापा टाकत आले. त्यांनी खांबाकडं बघितलं, चपलांकडं बघितलं. "उज्ज्वलाताई," ते सवयीनं कुजबुजले, "थोडेच दिवस राहिले होते हो."

"सर, मोठ्यानं बोला," उज्ज्वला म्हणाली. "त्यांना ऐकू येत न्हाई."

सर काठापर्यंत गेले, महालिंगच्या चपला उचलल्या आणि त्याच्या पायांपुढं आणून ठेवल्या.

नेर्लगी चौथ्यांदा शेवटची आली. संकुल दुसरीकडं गेलं. उन्हाळा सरायच्या आत चौगुले सरांचा मुलगा गाव सोडून गेला, आणखीही बरेच गेले. काही घरं उज्ज्वलाशी आजही बोलत नाहीत, आणि तिचा त्यांच्यावर राग नाही. त्यांचं खरंच नुकसान झालंय. तेजलनं मोजणीचे आकडे मिळवून तिला वाचून दाखवले. त्यात महालिंग बोलेनासा झाल्यापासून हावळांचं घर नेर्लगीतलं सर्वांत सुखी होतं. आणि शहरानं आजवर भोगलेलं सर्वांत मोठं दुःख नोंदलं गेलं होतं ते त्या सोमवारी, खणीजवळच्या खांबावर.

उज्ज्वलानं ते ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि चुलीपाशी गेली. निम्मे माग पुन्हा सुरू झाले होते, ते किती दिवस चालतील कुणी सांगत नव्हतं. ओट्यावर महालिंग भिंतीला पाठ टेकून जेवत होता.

"उज्जूऽऽ," तो तीन घरांना ऐकू जाईल असा ओरडला, "भाकरी हाय का अजून?"

"हायऽऽ!" ती आतून ओरडली. बाहेरचा दिवा तांबडा झाला, आणि ती ताट घेऊन त्या उजेडात त्याच्याशेजारी जाऊन बसली.